टी५ ट्यूब दुर्मीळ झाल्या. आता प्रवाळांच्या टँकवर कोणता दिवा लावायचा?

गेल्या ऑक्टोबरात माझ्या मावसभावाचा जर्मनीहून व्हिडिओ कॉल आला. तो श्टुटगार्टजवळ राहतो आणि त्याच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याचा चार फुटी टँक आहे. त्यात मासे मोजकेच, बाकी सगळी जिवंत प्रवाळं. "दादा, माझ्या ट्यूब मिळेनाशा झाल्यात. आता एलईडी लावावेच लागणार. कुठले घेऊ?" असं तो विचारत होता.

मी तंत्रज्ञानावर लिहितो म्हणजे मला सगळंच कळतं, असा आमच्या नातेवाइकांचा समज आहे. मीही तो मोडायचा प्रयत्न केला नाही. जुन्या ट्यूब किती वॉटच्या, नवा दिवा किती वॉटचा, असे दोन-तीन प्रश्न विचारले, एक हिशोब मांडला आणि सल्ला दिला. तो सल्ला चुकीचा निघाला. तीन आठवड्यांत त्याच्या टँकमधलं सगळ्यात जुनं ॲक्रोपोरा, म्हणजे फांद्याफांद्यांचं प्रवाळ, वरच्या टोकांकडून पांढरं पडायला लागलं. दोन बोटांएवढ्या तुकड्यापासून त्याने ते नऊ वर्षं वाढवलं होतं.

हा लेख त्या चुकीतून आला आहे. पण प्रश्न एका घरापुरता नाही. पाऱ्याच्या ट्यूब बंद होणं हा जगभर चाललेला बदल आहे, आणि त्यामुळे प्रवाळ पाळणाऱ्यांना अनेक वर्षांची सवय सोडून नव्या दिव्यावर जावं लागतंय. दिवा बदलताना नेमकं काय बदलतं, हे आज समजून घेऊया. आणि तुम्ही महाराष्ट्रात राहून असा टँक करायचा विचार करत असाल, तर शेवटचा भाग न चुकता वाचा.

ट्यूब गेल्या कुठे?

प्रवाळांच्या टँकवर पूर्वी दोन प्रकारचे दिवे असायचे. एक मेटल हॅलाइड, म्हणजे स्टेडियमवर असायचे त्या जातीचे प्रखर दिवे. हे टँकसाठी १५०, २५० किंवा ४०० वॉटचे यायचे आणि पाणी चांगलंच तापवायचे. दुसरा प्रकार टी५ फ्लूरोसंट ट्यूबचा. यातला 'टी' नंतरचा आकडा म्हणजे ट्यूबचा व्यास, इंचाच्या आठव्या भागात मोजलेला. टी५ म्हणजे पाच अष्टमांश इंच, साधारण १६ मिलिमीटर. आपल्या घरातली बारीक ट्यूबलाइट हिचीच बहीण. चार फुटी टँकवर ५४ वॉटच्या सहा किंवा आठ ट्यूब शेजारी शेजारी लावायच्या, काही निळ्या, काही पांढऱ्या, ही ठरलेली पद्धत.

फ्लूरोसंट ट्यूबमध्ये थोडा पारा असतो आणि अडचण तिथेच आहे. पाऱ्याच्या वापरावर नियंत्रण आणणारा मिनामाता करार जगात लागू आहे. भारतानेही तो २०१८ मध्ये मंजूर केला. २०२३ च्या अखेरीस जिनिव्हात या कराराच्या सदस्य देशांची बैठक झाली. सामान्य प्रकाशासाठीच्या लांब फ्लूरोसंट ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत टप्प्याटप्प्याने थांबवायची, असं तिथे ठरलं. युरोपीय संघ त्याच्याही आधी पुढे गेला. ऑगस्ट २०२३ पासून तिथे सामान्य वापराच्या टी५ आणि टी८ ट्यूब नव्याने बाजारात आणता येत नाहीत. अमेरिकेत कॅलिफोर्निया, व्हरमाँट अशा काही राज्यांनी स्वतःचे कायदे केलेत.

आता तुम्ही म्हणाल, हे तर घरातल्या ट्यूबचं झालं, प्रवाळांच्या खास निळ्या ट्यूबचं काय? प्रश्न बरोबर आहे. विशेष वापराच्या दिव्यांना नियम वेगळे असतात. युरोपच्या २०१९ च्या इकोडिझाइन नियमावलीत तर प्रवाळांसाठीच्या दिव्यांना चक्क वेगळी सूट आहे. एकूण प्रकाशशक्तीपैकी किमान ४० टक्के शक्ती ४०० ते ४८० नॅनोमीटर या निळ्या-जांभळ्या पट्ट्यात असेल, तर ती सूट लागू होते. म्हणजे कायदा करणाऱ्यांना प्रवाळं आठवली होती.

पण कायद्यात सूट असली म्हणून कारखाना चालू राहतो असं नाही. ऑफिसं, शाळा, गोदामं यांच्यासाठी कोट्यवधी ट्यूब बनायच्या, म्हणून काच, फॉस्फर, टोप्या हे सगळं स्वस्तात मिळायचं. ती मोठी मागणीच संपली की टँकसाठीच्या मूठभर ट्यूब बनवणं महाग पडतं. गाडीचं मॉडेल बंद झालं की पुढे त्याचे सुटे भाग दुर्मीळ होतात, तसाच हा प्रकार. शिवाय टी५ ट्यूब जळेपर्यंत वापरता येत नाही. तिचा प्रकाश हळूहळू उतरतो आणि रंगही सरकतो, म्हणून रीफवाले साधारण वर्षभरात सगळा संच बदलतात. दर वर्षी सहा ट्यूब लागणाऱ्या माणसाला ही टंचाई लगेच जाणवते.

प्रवाळाला प्रकाश लागतो कशाला?

प्रवाळ दिसतं झाडासारखं, पण तो प्राणी आहे. गंमत अशी की त्याच्या पेशींच्या आत झूझँथेली नावाचं एकपेशीय शेवाळ राहतं. हे शेवाळ प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला, म्हणजे प्रवाळाला देतं. बदल्यात प्रवाळ त्याला जागा आणि नत्रासारखी पोषकद्रव्यं देतं. उथळ समुद्रातली बहुतेक प्रवाळं या भाड्यावरच जगतात. म्हणून टँकवरचा दिवा हा शोभेचा भाग नाही. तो त्या प्राण्याच्या जेवणाचा मुख्य डबा आहे.

हा प्रकाश निळाच का? समुद्राचं पाणी लाल रंग लवकर शोषतं. पहिल्या पाच-दहा मीटरांत लाल प्रकाश बराचसा संपतो आणि निळा खोलवर जातो. तिथे राहणाऱ्या शेवाळाची रंगद्रव्यं निळ्या-हिरवट पट्ट्यात काम करायला सरावलेली आहेत. दोन फूट खोल टँकमध्ये पाणी काही लाल रंग गाळत नाही, त्यामुळे तो मेळ दिव्यातच घालावा लागतो. दुसरं कारण आपल्या डोळ्यांचं. अनेक प्रवाळांमध्ये अशी प्रथिनं असतात जी निळा प्रकाश शोषून हिरवा किंवा केशरी प्रकाश बाहेर टाकतात. म्हणून निळ्या दिव्याखाली ती पेटल्यासारखी दिसतात. दुकानातल्या झगमगाटाचं गुपित बरंचसं हेच आहे.

इथे एलईडी जन्मजात पुढे आहे. बाजारातला बहुतेक पांढरा एलईडी हा मुळात निळाच असतो, त्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर देऊन पांढरा केलेला. निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते या तंत्रामुळे घराघरातला प्रकाश बदलला म्हणून. रीफ टँकच्या दिव्यात हेच निळे एलईडी कमी-जास्त तरंगलांबीचे, वेगवेगळ्या चॅनेलवर बसवलेले असतात आणि ॲपवरून प्रत्येक चॅनेल कमी-जास्त करता येतो.

खोक्यावरचे आकडे का फसवतात?

आता माझ्या चुकीकडे येतो. भावाकडे ५४ वॉटच्या सहा ट्यूब होत्या, म्हणजे ३२४ वॉट. नवे दोन एलईडी प्रत्येकी १९० वॉटचे, म्हणजे ३८०. मी म्हटलं, एलईडी जास्त कार्यक्षम, तेव्हा ६० टक्क्यांवर ठेव, जुळेल. त्याने लावले. कॉलवर म्हणाला, "दादा, आधीपेक्षा अंधारच वाटतोय." मोबाइलच्या लक्स मोजणाऱ्या ॲपवरही आकडा जुन्या ट्यूबपेक्षा कमी येत होता. मी म्हटलं, मग ८५ वर ने. झालं!

यात तीन आकडे फसवे होते.

पहिला वॉट. वॉट म्हणजे दिवा भिंतीतून किती वीज ओढतो ते. त्यातला किती भाग प्रकाश होतो, किती उष्णता होते आणि तो प्रकाश कुठे पडतो, हे वॉट सांगत नाही. ट्यूबचा प्रकाश चारी बाजूंना पसरतो, त्यातला काही वरच्या पत्र्यावर आपटून, काही वाया जाऊन खाली येतो. एलईडीवर भिंग असतं, ते सगळा प्रकाश खाली ढकलतं.

दुसरा लुमेन आणि लक्स. ही मापं माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेली आहेत. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला सगळ्यात जास्त दाद देतो आणि ४५० च्या निळ्याला फारच कमी. त्यामुळे निळ्याने भरलेला दिवा आपल्याला मंद वाटतो, लक्स ॲपलाही मंद वाटतो. शेवाळाला मात्र तोच प्रकाश भरपूर असतो. "अंधार वाटतोय" म्हणून आम्ही दिवा वाढवला, तेव्हा आम्ही प्रवाळाच्या नाही, आपल्या डोळ्याच्या सोयीने वाढवत होतो.

तिसरा केल्विन. मेटल हॅलाइडच्या काळात १०,००० केल्विन म्हणजे थंड पांढरा, २०,००० म्हणजे गडद निळा, असा ढोबळ अंदाज यायचा. वेगवेगळे एलईडी एकत्र करून बनवलेल्या दिव्यात हा आकडा रंगाची कल्पना देतो, पण कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती आहे ते सांगत नाही.

मग मोजायचं काय?

वनस्पती आणि शेवाळ प्रकाशाचे कण मोजतात, म्हणजे फोटॉन. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधल्या या कामाच्या प्रकाशाला 'पार' म्हणतात. एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती मायक्रोमोल फोटॉन पडतात, हे त्याचं माप. उष्ण कटिबंधातल्या भर दुपारच्या उन्हात पाण्याच्या वर हा आकडा २,००० च्या घरात जातो. घरच्या टँकमध्ये इतका लागत नाही. अनुभवी मंडळी साधारण असा अंदाज धरतात:

मश्रूम आणि मऊ प्रवाळं: ५० ते १५०.
मोठ्या, मांसल तोंडांची कठीण प्रवाळं, उदाहरणार्थ युफायलिया: ८० ते १५०, फार तर २००.
बारीक तोंडांची फांद्यांची कठीण प्रवाळं, उदाहरणार्थ ॲक्रोपोरा: २०० ते ३५०.

ही पट्टी दगडावर कोरलेली नाही. एकाच जातीचं प्रवाळ कमी-जास्त प्रकाशाला सरावू शकतं. पण सरावायला वेळ लागतो, ती गोष्ट पुढे येईलच.

दुसरा आकडा वेळेचा. २०० मायक्रोमोल दहा तास मिळाले, तर दिवसभरात ७.२ मोल फोटॉन झाले. हिशोब सोपा आहे: दहा तास म्हणजे ३६,००० सेकंद, गुणिले २००, भागिले दहा लाख. हाच प्रकाश बारा तास दिला तर ८.६४ मोल. म्हणजे दिव्याचा जोर न बदलता नुसतं टायमरवर दोन तास वाढवले, तरी प्रवाळाचा 'डोस' वीस टक्क्यांनी वाढतो. औषधासारखंच आहे, गोळी किती पॉवरची हे जितकं महत्त्वाचं तितकंच दिवसातून किती वेळा घेतली हेही.

या विषयात एक नाव आवर्जून घ्यायला हवं. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकवणारे प्राध्यापक संजय जोशी हे स्वतः रीफ टँक पाळणारे. त्यांनी मेटल हॅलाइडपासून एलईडीपर्यंत असंख्य दिव्यांचा वर्णपट आणि प्रकाशाची पसरण उपकरणं लावून मोजली आणि ती छंद जोपासणाऱ्यांसाठी प्रसिद्ध केली. "माझ्या दिव्याखाली छान वाढतं" या गप्पांच्या जागी आकडे आणण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. मी सल्ला देण्याआधी ते वाचलं असतं तर बरं झालं असतं.

आमचं नेमकं काय चुकलं?

पांढरं पडलेलं टोक दिसल्यावर भावाने तिथल्या एका दुकानातून पार मीटर आठवड्यासाठी भाड्याने आणला. असा पाण्यात चालणारा चांगला मीटर विकत घ्यायचा तर पाचशे युरोच्या आसपास किंवा वर जातो, म्हणून भाड्याची पद्धत तिथे रुळलेली आहे. जुनी ट्यूबची फ्रेम त्याने टाकली नव्हती. आधी ती लावून मोजलं, मग एलईडी लावून.

ट्यूबखाली ॲक्रोपोराच्या टोकावर २४० आणि टँकच्या कोपऱ्यात १९०. एलईडीखाली ८५ टक्क्यांवर त्याच टोकावर ५२० आणि कोपऱ्यात ११०.

हे चार आकडे बघून मला घामच फुटला. दहा तासांच्या हिशोबाने त्या प्रवाळाला रोज ८.६४ मोल मिळत होते, ते एका दिवसात १८.७२ वर नेले होते. दुपटीहून जास्त. आणि त्याच वेळी कोपऱ्यातल्या मोंटिपोराचा प्रकाश जवळजवळ निम्मा केला होता. एक भाजत होतं आणि एक उपाशी होतं, दोन्ही एकाच दिव्याखाली.

दुसरा धडा या आकड्यांतच आहे. ट्यूबचा प्रकाश टँकभर जवळपास सारखा होता, एलईडीचा नाही. चार फूट लांब ट्यूब म्हणजे ढगाळ दिवसाचं आकाश, सावली पडतच नाही. एलईडीचा गठ्ठा म्हणजे टॉर्च. मध्ये झगझगीत, कडेला मंद आणि फांद्यांच्या खाली काळी सावली. ॲक्रोपोरा दाट वाढलं की त्याच्या खालच्या फांद्या या सावलीत मरतात. म्हणूनच काही जुने लोक अजून एलईडीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन टी५ ट्यूब लावतात आणि ट्यूबचा साठा करून ठेवतात. ते जुन्याला चिकटून बसलेत असं मलाही आधी वाटायचं. तसं नाही, त्यांना पसरण हवी असते.

समुद्रातली बातमी आणि हॉलमधला टँक

एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या नोआ या संस्थेने आणि आंतरराष्ट्रीय प्रवाळ उपक्रमाने जगातलं चौथं जागतिक प्रवाळ विरंजन जाहीर केलं. वर्षभराने, एप्रिल २०२५ मध्ये, जगातल्या ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला विरंजन घडवणाऱ्या उष्णतेचा ताण बसल्याचं सांगितलं गेलं. १९९८ च्या पहिल्या घटनेत हाच आकडा २१ टक्के होता.

विरंजन म्हणजे प्रवाळाने आपल्या पेशींतलं शेवाळ बाहेर टाकणं. शेवाळ गेलं की रंग जातो आणि पारदर्शक मांसातून पांढरा सांगाडा दिसतो. प्रवाळ लगेच मरत नाही, पण त्याचं जेवण बंद झालेलं असतं.

बातम्यांत आपण उष्णतेबद्दल वाचतो आणि ते बरोबरच आहे. पण या यंत्रणेत प्रकाशही भागीदार असतो. शेवाळाला वापरता येईल त्यापेक्षा जास्त प्रकाश आला की त्याच्या प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेत घातक ऑक्सिजन रेणू तयार होतात आणि पेशींना इजा करतात. पाणी तापलं की शेवाळाची प्रकाश पचवण्याची ताकदच कमी होते. मग रोजचंच ऊन त्याला जास्त होतं. म्हणूनच ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफवर २०२० पासून समुद्राच्या पाण्याचे बारीक तुषार हवेत सोडून ढग उजळ करता येतात का, म्हणजे रीफवर पडणारं ऊन कमी करता येतं का, याचे प्रयोग चालू आहेत.

भावाच्या टँकमध्ये पाणी २५ अंशांवर होतं, उष्णतेचा दोष नव्हता. आम्ही तीच यंत्रणा दुसऱ्या टोकाने चालवली, तापमान न वाढवता प्रकाश वाढवून. समुद्रात जे घडल्यावर आपण हळहळतो, ते मी एका फोनवर घडवलं होतं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर एलईडीवर अन्याय होईल. लंडनच्या हॉर्निमन म्युझियममधल्या टीमने टँकमध्ये तापमान, दिवसाची लांबी, सूर्योदय-सूर्यास्त आणि चंद्राचा प्रकाश समुद्रासारखा हुबेहूब चालवून प्रवाळांना प्रजननाला प्रवृत्त केलं. बाहेर समुद्रात अनेक प्रवाळं वर्षातून मोजक्या रात्री अंडी सोडतात, ती वेळ घरात आणणं सोपं नाही. त्यांच्या सहकार्याने फ्लोरिडा ॲक्वेरियमने २०१९ मध्ये अटलांटिकमधल्या धोक्यात आलेल्या पिलर कोरलचं प्रजनन टँकमध्ये घडवलं. आणि २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरचं पाणी भयंकर तापलं, तेव्हा समुद्रातल्या रोपवाटिकांमधली हजारो प्रवाळं उचलून जमिनीवरच्या टाक्यांत आणावी लागली. मिनिटामिनिटाला कमी-जास्त करता येणारा दिवा अशा कामात मोलाचा असतो. ट्यूबला चंद्रकोर दाखवता येत नाही.

म्हणजे दोष एलईडीचा नव्हता. ट्यूब आपल्याला फारसं चुकूच देत नव्हती, कारण ती फार काही करूच शकत नव्हती. एलईडी तुमच्या हातात ताकद देतो आणि मोजण्याची जबाबदारीही देतो.

दिवा निवडताना काय विचारायचं?

आधी प्रवाळ ठरवा, मग दिवा. फक्त मऊ प्रवाळं पाळणार असाल तर सगळ्यात महागडा दिवा घेऊन तो ३० टक्क्यांवर चालवण्यात अर्थ नाही.

मग कंपनीचा 'पार'चा नकाशा मागा. किती उंचीवर, किती खोलीवर, कोणत्या सेटिंगवर मोजलं, हे त्यात असायला हवं. फक्त दिव्याच्या बरोबर खालचा एकच आकडा दिला असेल तर तो जाहिरातीचा आकडा समजा. तुम्हाला कोपऱ्यातला हवा आहे.

पसरणीसाठी दोन छोटे दिवे एका मोठ्यापेक्षा बरे, आणि दिवा थोडा वर टांगलेला बरा. उंची वाढवली की मध्यावरचा जोर कमी होतो आणि कडेला प्रकाश पोचतो.

मीटर विकत घेऊ नका, भाड्याने किंवा एखाद्या क्लबकडून आणा. मात्र तो पाण्यासाठीचा आहे ना, ते बघा. हवेसाठी बनवलेला सेन्सर पाण्यात कमी आकडा दाखवतो. शिवाय जुन्या पद्धतीचे काही सेन्सर निळा प्रकाश कमी मोजतात, म्हणून पूर्ण वर्णपटाचा सेन्सर मागा.

बदल सावकाश करा. नवा दिवा जुन्याच्या आकड्यापेक्षा थोडा खाली सुरू करा आणि आठवड्याला पाच टक्क्यांहून जास्त वाढवू नका. बऱ्याच दिव्यांच्या ॲपमध्ये यासाठी वेगळी सोय असते, ती चालू करा. प्रवाळ फिकट पडत असेल तर प्रकाश जास्त होतोय, तपकिरी होत असेल तर बहुधा कमी पडतोय किंवा पाण्यात पोषकद्रव्यं जास्त झालीत.

वायफाय नसताना दिवा चालतो का, हेही विचारा. ॲप किंवा कंपनीचा सर्व्हर बंद पडला तर टायमर दिव्यातच साठवलेला आहे का? टीव्ही बंद पडला तर आपण वैतागतो. इथे कोणाचं तरी जेवण बंद होतं.

विजेचा हिशोबही करून बघा. भावाच्या सहा ट्यूब दहा तासांत ३.२४ युनिट घ्यायच्या. आता त्याचे दिवे सरासरी १५० वॉटवर चालतात, म्हणजे दीड युनिट. महिन्याला सुमारे ५२ युनिटची बचत. जर्मनीत युनिटला ४० सेंटच्या आसपास मोजावे लागतात, तेव्हा महिन्याला वीस युरो वाचतात. वर ट्यूब बदलण्याचा खर्च संपला. पण चांगल्या दोन दिव्यांना हजार युरोपेक्षा जास्त जातात, त्यामुळे वसुलीला काही वर्षं लागतात. "लगेच पैसे वसूल" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

तुम्ही महाराष्ट्रात असाल तर आधी कायदा

आता आपल्याकडचं. इंटरनेटवर परदेशातले टँक बघून अनेकांना इथेही प्रवाळ पाळावंसं वाटतं. पुण्या-मुंबईतले वाचक मला दिव्यांची नावं विचारतात. माझं उत्तर असं की दिव्याआधी कायदा बघा.

भारतात रीफ बांधणारी सगळी कठीण प्रवाळं, काळी प्रवाळं, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्री पंखे हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन, कमाल सात वर्षं तुरुंगवास आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान दंड २५,००० रुपये झाला आहे. 'लाइव्ह रॉक' म्हणून विकला जाणारा दगडही अनेकदा प्रवाळाचा सांगाडाच असतो. दुकानदार "सगळे घेतात, काही होत नाही" म्हणाला, तर ते कायद्याचं मत नाही.

हा कायदा किती गंभीरपणे लागू होतो याचं उदाहरण मुंबईतच आहे. कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरची छोटी प्रवाळं आड आली, तेव्हा महापालिकेलाही ती हलवण्यासाठी वन्यजीव विभागाची परवानगी घ्यावी लागली. २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांच्या मदतीने ती दुसरीकडे बसवली गेली. जर्मनीतही सगळं मोकाट नाही. कठीण प्रवाळं सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात, त्यामुळे भाऊ प्रत्येक तुकड्याची खरेदीची पावती फाइलला लावून ठेवतो.

मग आपण काय करायचं? खाऱ्या पाण्याचा टँक करायचाच असेल तर कायदेशीररीत्या पाळता येणारे मासे आणि कृत्रिम खडक ठेवा. त्याला साधा, कमी जोराचा एलईडी पुरतो. गोड्या पाण्यात झाडं लावलेला टँक असेल तर या लेखातलं 'पार', तास आणि पसरण यांचं गणित तसंच लागू पडतं, फक्त तिथे निळ्याइतकाच लाल रंगही कामाचा. आणि प्रवाळच बघायचं असेल तर मालवणला जा. तिथे पाण्याखाली ती आहेत, आणि त्यांच्यावरचा दिवा कोणी सेट करायची गरज नाही.

शेवटी भावाच्या टँकबद्दल. त्याने दिवे ३५ टक्क्यांवर आणले, वीस सेंटिमीटरवरून पस्तीसवर उचलले आणि दोघांमधलं अंतर वाढवलं. टोकावर २३०, कोपऱ्यात १६० आलं. ॲक्रोपोराच्या वरच्या फांद्या मेल्या, त्याने त्या कापून टाकल्या. खालचा साधारण अर्धा भाग जगला. मार्चमध्ये त्याने फोटो पाठवला. कापलेल्या जागेच्या कडेने फिकट जांभळी नवी टोकं आली होती. खाली लिहिलं होतं, "दादा, पुढच्या वेळी आधी मीटर, मग तू."